तीन पंप आणि एक मूठ

"ती गाडी भंगारात दे," आमचे हे म्हणाले, "आणि जमलं तर तिच्याबरोबर मलाही दे."

सकाळचा चहा चालला होता. कप डाव्या हातात, उजवा हात शालीखाली. मी म्हटलं, "तुम्हाला कोण घेणार? गाडीत निदान थोडं पितळ तरी आहे." हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. पाय बऱ्यापैकी सावरला होता, काठी घेऊन घरातल्या घरात फिरायचे. जीभ मुळातच तिखट, ती तर काही आठवड्यांतच पूर्ववत झाली. राहिला तो उजवा हात. मूठ वळलेली, ती उघडेना. डॉक्टर बजावून सांगत होते, हात गेलेला नाही, त्याच्याकडून करून घ्या. व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या, रबराचा चेंडू घेऊन. दाबा, सोडा, दाबा, सोडा. एके दिवशी ह्यांनी तो चेंडू डाव्या हातानं गॅलरीतून भिरकावून दिला आणि बाईंना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. त्या दिवशी हात जो शालीत गेला तो गेलाच. जिना उतरणं बंद. कुणी भेटायला आलं की झोपेचं सोंग.

मला दया यायला हवी होती. मला आला राग. ज्या माणसानं गार्डन रीचला जहाजं बांधण्याच्या कारखान्यात उभा जन्म इंजिनांत घालवला, त्याला स्वतःचा एक हात दुरुस्त करायचा कंटाळा यावा? रात्रंदिवस ती शाल बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची.

आणि गाडी? ती आमच्या फ्लॅटच्या बरोबर खाली, गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. पन्नासच्या दशकातली विलायती गाडी. ह्यांनी ती बराकपूरच्या एका जुन्या बंगल्यातून आणली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. रविवार आला की ह्यांचे पाय गाडीखालून बाहेर आलेले दिसायचे, बाकीचा नवरा आत. आजारपणाच्या जरा आधी एकदा खिदिरपूरच्या पुलावर तेलाच्या प्रेशरचा काटा खाली घसरला. ह्यांनी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं, गाडी ओढत घरी आणवली आणि म्हणाले, "ऑइल पंप गेला. पुढच्या रविवारी उघडतो." तो रविवार आलाच नाही.

मुलगी पुण्याहून फोन करायची. "आई, गाडी विकून टाक ना गं. आणि बाबा पाणी खातात ना नीट?" पोरगी इथे बंगालात वाढली. बंगालीत पाणी 'खातात', तशी ती अजूनही मराठीत पाणी खाते. पुण्यात तिचा नवरा हसून हसून थकला असेल. मी म्हटलं, "पाणी खातात, आणि माझं डोकंही खातात. पण गाडी विकायची नाही."

कारण माझ्या मनाने एक गोष्ट पक्की धरली होती. हा माणूस बायकोसाठी उठणार नाही, मुलीसाठी उठणार नाही, डॉक्टरसाठी तर नाहीच नाही. पण खाली इंजिन सुरू झालं, तर त्याला खुर्चीत बसवणार नाही. उतरेल. एकदा उतरला की पुढचं पुढे. आणि इंजिन सुरू झालं नाही तर तो त्या खुर्चीतच संपणार. मला मधला रस्ता दिसत नव्हता.

"पंप मी करणार," मी जाहीर केलं.

"तुला जमायचं नाही," हे म्हणाले.

झालं! हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. सायकल, पोहणं, बंगाली वाचणं, सगळं मी ह्या वाक्यावरच शिकले. पदर खोचला आणि मिस्त्रींना निरोप धाडला.

मिस्त्री पलीकडच्या गल्लीतले, ह्यांचे जुने दोस्त. गाडीखाली शिरून त्यांनी इंजिनाच्या तळाचं तेलाचं चेंबर उतरवलं, पंप काढला, झाकण उघडलं, बोटानं आतून फिरवलं आणि मान हलवली. "बौदी, एटा आर होबे ना." म्हणजे वहिनी, ह्याचं आता काही होत नाही. त्यांच्या मते मल्लिकबाजारातून दुसरा पंप आणावा, एखाद्या मोडीत निघालेल्या इंजिनाचा. मीही त्यांच्याबरोबर गेले. जुन्या सुट्या भागांचा तो बाजार म्हणजे काय सांगू, गाडीचं प्रत्येक आतडं तिथे वेगळं मिळतं. दोन पंप घेऊन आलो.

आता जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तीन पंप मांडले. आधी पंप म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही तेव्हाच कळलं. इंजिनाच्या तळाशी तेल साचलेलं असतं. पंप ते उचलतो आणि आतल्या सगळ्या फिरत्या भागांपर्यंत ढकलतो. तेल पोचलं नाही की लोखंड लोखंडाला खातं आणि इंजिन जाम होतं. एवढंच काम, पण ते करायच्या तऱ्हा तीन. आमच्या मूळ पंपात दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात आणि दात्यांच्या फटींतून तेल वाहून नेतात. दुसऱ्यात एक बुटका रूळ, त्याला खाचा, खाचांतून आतबाहेर सरकणारी पाती. तिसऱ्यात आत चार पाकळ्यांचं फूल आणि त्याच्याभोवती पाच पाकळ्यांचं घर, दोन्ही फिरतात, पण त्यांचे मध्य वेगवेगळे.

मला तिसरा बघताक्षणी आवडला, रांगोळीसारखा. पण मी मुद्दामच मोठ्यांदा म्हटलं, "हा पात्यांचा बरा दिसतोय. हाच बसवू."

खुर्चीतून आवाज नाही. दुपारी जेवताना नाही. संध्याकाळी मी दिवा लावत होते, तेव्हा मागून आलं, "त्या पात्यांच्या पंपाला हात लावू नकोस."

"का बरं?"

"पाती चिकटतात. गाडी वर्षभर उभी राहिली की तेल खाचेत वाळतं, पातं बाहेरच येत नाही. पंप नुसता फिरतो. अक्कल नाही त्या मिस्त्रीला."

देवासमोर उभी होते म्हणून बरं, हसू दाबता आलं. दुसऱ्या दिवशी मी फुलाच्या पंपाची तरफदारी सुरू केली. खुर्चीतून लगेच उत्तर. पंप उत्तम आहे, तिन्हीत उत्तम, झीज कमी, आवाज कमी. पण त्याचा दांडा आखूड आणि बोल्टांची भोकं जुळत नाहीत. मधे पट्टी घालून बसवावा लागेल. "आणि ती पट्टी कुठे लीक झाली, की पंप तेलाऐवजी हवा ओढणार. मग काय करशील?"

"मग राहिला मूळचाच," मी म्हटलं. "आणि तो तर मिस्त्री म्हणतात, संपला."

"आण इकडे."

आणला. मांडीवर ठेवला. डाव्या हातानं दांडा हलवून बघितला, झाकण तिरपं धरून उजेडात बघितलं. झाकणावर चाकांनी फिरून फिरून खळगे पाडले होते, दोन चंद्रकोरी उमटल्यासारख्या. "चाकं चांगली आहेत. झाकण घासून सपाट करायचं. दांडा ज्यात फिरतो तो बुश सैल झालाय, तो नवा लागेल. प्रेशरच्या छर्‍यावर खड्डे पडलेत, छर्रा बदल." मग जणू फार बोलून झालं असं वाटून पुन्हा म्हणाले, "पण तुला जमायचं नाही."

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला संसार म्हणायचं की कारखाना, मला ठाऊक नाही. टीपॉयची जाड काच काढून ओट्यावर ठेवली, त्यावर पॉलिश पेपर, त्यावर शिलाई मशीनचं तेल, आणि झाकण पालथं धरून घासायचं. सरळ रेघा मारायच्या नाहीत, एका बाजूला झिजतं. "आठाचा आकडा काढत घास," असा हुकूम सुटला. मी काढला. हे ओरडले, "मराठी नव्हे! इंग्रजी आठ!" आता मला मेलीला काय माहीत? मी जन्मभर किराण्याच्या यादीत मराठीच आठ काढला.

दंड भरून यायचे. मग झाकण पुसायचं, पंपावर ठेवायचं आणि चाकं व झाकण यांच्यामधली फट मापायची. ह्यांच्या पेटीत पोलादी पात्यांचं फिलर गेज होतं, एकापेक्षा एक पातळ पानं. जाड पान आत गेलं तर फट जास्त, तेल परत मागे फिरणार. अगदी पातळही नाही गेलं तर चाकं घासणार. मी आयुष्यभर कापडाचा पोत बोटांनी ओळखलाय, मलमल कुठली आणि केंब्रिक कुठलं ते डोळे मिटून सांगते. ते कसब इथे उपयोगी पडलं. हे म्हणायचे, "अजून घास." मी घासायचे. "अजून." एकदा मी झाकण त्यांच्यापुढे आपटलं आणि म्हटलं, "एवढी घाई आहे तर हात बाहेर काढा आणि स्वतः घासा!"

शाल हलली नाही. मला वाटलं, मी बोलले ते जास्तच झालं. पण मी माफी मागितली नाही. परत ओट्याशी गेले आणि घासलं.

बाद केलेल्या दोन पंपांचे भाग मी एका स्टीलच्या डब्यात घालून खिडकीत ठेवले होते. त्यातलं ते पाकळ्यांचं फूल अधूनमधून ह्यांच्या खुर्चीखाली सापडायचं. मी कामवाल्या मावशींना दोन-तीनदा बोलले, झाडताना वस्तू जागच्या जागी ठेवत जा म्हणून. त्या बिचाऱ्या शपथेवर नाही म्हणायच्या.

बुश मिस्त्रींनी लेथवर करवून आणला. नवा छर्रा बसवला. हा छर्रा म्हणजे पंपाचा उंबरठा. खाली स्प्रिंग, वर पोलादी गोळी. तेलाचा जोर वाजवीपेक्षा वाढला की गोळी मागे सरते, जास्तीचं तेल परत तळाला सोडते आणि पुन्हा आपल्या जागी घट्ट बसते. पंप जोडून आम्ही परातीत तेल ओतलं, पंप बुडवला आणि मी दांडा स्क्रूड्रायव्हरनं फिरवला. भोकावर बोट दाबून धरलं होतं. तेलानं बोट उचललं! खरंच उचललं, आणि चिळकांडी गेली थेट ह्यांच्या चष्म्यावर. चष्मा पुसता पुसता म्हणाले, "ठीक आहे." माझ्या नवऱ्याच्या तोंडचं 'ठीक आहे' म्हणजे लोकांचा सोन्याचा बिल्ला.

पण लगेच बसवता येईना. दुर्गापूजा तोंडावर आली होती. ढाक वाजायला लागले, रस्ते बांबूंनी अडले, मिस्त्री सांगून गेले की आता लक्ष्मीपूजेनंतरच, म्हणजे आपल्या कोजागिरीनंतर. मी तेल गळू नये आणि कचरा जाऊ नये म्हणून पंपाच्या भोकांत फडक्याचे बोळे कोंबून ठेवले.

मधे आली खंडेनवमी. आमच्याकडे ह्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुजायची. मिस्त्रींना हे चमत्कारिक वाटायचं. त्यांची अवजारं विश्वकर्मा पूजेला आधीच पुजून झालेली असतात. मी पाटावर लाल कापड घातलं, ह्यांचे पाने, फिलर गेज, माझी कात्री आणि मधोमध पंप. बघते तर त्या काळ्या तेलकट बोळ्यांमुळे पंप अगदी ओंगळ दिसत होता. देवापुढे असली वस्तू ठेवायची? मी बोळे काढून टाकले, पंप लखलखीत पुसला आणि पुरण वाटायला स्वयंपाकघरात गेले. नैवेद्य तयार झाला की पूजा मीच करणार होते.

परत आले तर पूजा झालेली! हे पाटासमोर खुर्ची ओढून बसलेले, हात पुन्हा शालीत. आणि पसारा काय वर्णावा. कुंकू पाटावर, कुंकू फरशीवर, अक्षता पंपापासून पार सोफ्याखालपर्यंत. मी भडकले. "अहो, थांबायचं तरी जरा! आणि डाव्या हातानं कुणी पूजा करतं का?" मी वरवर अक्षता वेचल्या, झाडू मारला आणि पानं वाढली.

कोजागिरी झाली, मिस्त्री आले. पंप कोरडा असला तर पहिल्यांदा तेल ओढत नाही, म्हणून मी त्यात व्हॅसलीन भरलं, तेही ह्यांच्याच हुकमावरून. पंप बसला, चेंबर चढलं, नवं तेल ओतलं. गाडी ढकलून गॅरेजच्या बाहेर घेतली आणि ह्यांना मी गॅलरीत आणून बसवलं. खाली यायला अजून नकारच होता. मिस्त्रींनी स्टार्टर मारला. इंजिन खोकलं, शिंकलं आणि सुरू झालं! काटा टुणकन वर गेला. मी गॅलरीकडे बघून हात केला, आणि मान वळवते तो काटा शून्यावर.

"बंद करा!" वरून आवाज आला. एवढ्या उंचीवरून काटा दिसणं शक्य नव्हतं. कानांनी ओळखलं असणार. मिस्त्रींनी बंद केलं.

मिस्त्री हळूच म्हणाले, त्यांनी सांगितलंच होतं. मी वर बघितलं तर गॅलरीतली खुर्ची रिकामी. हे आत निघून गेले होते. जिन्यावरच बसून मी ढसाढसा रडले, खोटं कशाला सांगू. मग डोळे पुसले आणि विचार केला. परातीत ह्याच पंपानं माझं बोट उचललं होतं. मग पंप बिघडला नाही. परातीनंतर काहीतरी झालं.

"पुन्हा काढा," मी मिस्त्रींना म्हटलं. ते म्हणाले, तेल वाया जाईल. म्हटलं, जाऊ दे. म्हणाले, आज उशीर झाला. म्हटलं, मी टॉर्च धरते. शेवटी त्यांनी माझ्यापुढे हात टेकले आणि गाडीखाली शिरले.

पंप हातात आल्यावर मी चाकं बघितली, ठीक. झाकण बघितलं, ठीक. मग छर्‍याचं बूच काढलं, स्प्रिंग काढली, गोळी काढली. आणि गोळीच्या बैठकीत, तेलानं माखलेला, पिचलेला एक तांदळाचा दाणा. लालसर. अक्षत. काटा वर गेला, गोळी उचलली गेली, दाणा तिच्याखाली सरकला आणि उंबरठा उघडाच राहिला. सगळं तेल तिथूनच परत.

मला असा राग आला! त्याच रागात जिना चढले, ह्यांच्यासमोर उभी राहिले आणि तळहात पुढे केला. "हे बघा! हे तुमचं कर्तृत्व! बोळे मी काढले, चूक माझी. पण अक्षता वाहायच्या की पेरायच्या? डाव्या हातानं धरता येत नाही तर कशाला—"

"डाव्या हातानं नाही वाहिल्या," हे म्हणाले.

"मग काय, देवानं येऊन वाहिल्या?"

"डाव्या हातानं कुणी पूजा करतं का? तूच म्हणालीस."

शाल सरकली. उजवा हात बाहेर आला, मांडीवर टेकला. मूठ होती. मग अंगठा सुटला. तर्जनी सुटली. मधलं बोट थरथरत अर्ध्यावर थांबलं. बस्स, तेवढंच. पण उघडलं होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू बाजारात गेलीस की ते पाकळ्यांचं चाक धरून बघायचो. चेंडू बुळबुळीत असतो मेला. ह्याला बोट अडकवायला जागा आहे." मग म्हणाले, "सांगितलं असतं तर तू गल्लीभर पेढे वाटले असतेस. आणि पुन्हा नाही जमलं तर?"

मी तो दाणा टेबलावर ठेवला. "उचला," म्हटलं.

"ते तेलकट आहे."

"उचला."

दोन्ही बोटं दाण्यावर आली. निसटला. पुन्हा आली. पुन्हा निसटला. मी मदत केली नाही. मग उचलला. चिमटीत धरून माझ्या तळहातावर आणून सोडला आणि म्हणाले, "मिस्त्रीला सांग, बैठक नीट पुसून घे. कोंडा राहिला असेल."

दुसऱ्या दिवशी काटा वर गेला आणि वरच राहिला. मी हाक मारली नाही. मिस्त्रींनाही मारू दिली नाही. इंजिन चालू ठेवून वाट बघत उभी राहिले. जिन्यावर काठीचा आवाज आला. एक पायरी, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी.

येऊन त्यांनी आधी काटा बघितला, मग मला. सवयीनं उजव्या बाजूला, चालवणाऱ्याच्या दाराकडे वळले आणि थांबले. मग वळसा घालून डावीकडे गेले, पलीकडच्या सीटवर बसले. मी चालवायला बसले. मला गाडी येते, पण ही गाडी त्यांनी मला कधी दिली नव्हती. गियरचा दांडा दोघांच्या मधे. मी हात पुढे केला तर तिथे आधीच एक हात होता, उजवा, तीन बोटांनी दांडा पकडलेला.

"तुला जमायचं नाही," हे म्हणाले. "पहिला गियर अडतो. तू क्लच दाब."

मी क्लच दाबला.